अश्रूंच्या वाटेवरून आनंदाकडे
संत जेन फ्रान्सिस डी शांताल यांची जीवनकथा (सण : १२ ऑगस्ट)



आपल्या धर्मग्रामात कुणाचे निधन झाले की आपण सारे धावून जातो. घरात माणसे मावत नाहीत. शेजारी चहापाण्याचे, जेवणाचे पाहतात. संध्याकाळी रोझरी होते. सातव्या दिवसाची मिस्सा होते, महिन्याची मिस्सा होते. त्यानंतर मात्र पाहुणे आपापल्या घरी जातात, दार लोटले जाते आणि घरात मागे राहिलेली पत्नी किंवा मागे राहिलेला पती एकटा उरतो. खरे दुःख तेव्हा सुरू होते.

मृत्यू अचानक आलेला असेल तर हे दुःख आणखी कठीण होते. सकाळी डबा घेऊन निघालेला माणूस संध्याकाळी परत येत नाही. कधी अपघात, कधी हृदयविकाराचा झटका. २०२० आणि २०२१ साली कोरोनाच्या साथीत तर कित्येक घरांत शेवटचा निरोपही घेता आला नाही. अशा घरातल्या माणसाला आपण काय सांगणार? पुन्हा आनंदी होता येईल, असे म्हणायलाही आपली जीभ धजत नाही.

म्हणून आज आम्ही स्वतः काही उपदेश न करता एका विधवेची कथा आपल्यापुढे ठेवीत आहोत. ती चारशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये होऊन गेली. तिचा पती एका क्षणाच्या चुकीने गेला. ती पत्नी होती, चार मुलांची आई होती, सून होती आणि पुढे संत झाली. तिचे नाव संत जेन फ्रान्सिस डी शांताल.

सुखाचा संसार

जेनचा जन्म १५७२ साली फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात दिजाँ या शहरी झाला. तिचे वडील बेनिन्य फ्रेमियो हे तेथील उच्च न्यायालयात मोठ्या पदावर होते. जेन जेमतेम दीड वर्षाची असताना आई वारली. आईविना वाढलेल्या या मुलांना वडिलांनी स्वतः धर्मशिक्षण दिले आणि श्रद्धेत वाढवले.

१५९२ साली, विसाव्या वर्षी, तिचा विवाह शांतालचे जहागीरदार क्रिस्तोफ यांच्याशी झाला. ती बूर्बिलीच्या गढीवर नांदायला आली. गढी मोठी होती, पण कारभार विस्कटलेला होता आणि डोक्यावर कर्ज होते. क्रिस्तोफ राजाच्या सैन्यात असल्यामुळे वरचेवर बाहेर असत. जेनने कारभार हातात घेतला. ती पहाटे उठे, हिशेब स्वतः पाही, नोकरांची कामे नेमून देई आणि दररोजच्या मिस्सेची सोय करी. दुष्काळात दारी आलेल्या गरिबांना ती स्वतःच्या हाताने भाकरी वाढत असे. हळूहळू घर सावरले.

पती-पत्नीचे एकमेकांवर मनापासून प्रेम होते. त्यांना सहा अपत्ये झाली. पहिली दोन जन्मतःच गेली. पुढे मुलगा सेल्स-बेनिन्य आणि मारी-एमे, फ्रांस्वाज व शार्लोत या तीन मुली जगल्या. संसाराला नऊ वर्षे झाली होती. कुणालाही हेवा वाटावा असे हे कुटुंब होते.

शिकारीचा तो दिवस

१६०१ सालच्या शरद ऋतूत क्रिस्तोफ एका नातलग मित्राबरोबर शिकारीला गेले. धाकटी शार्लोत तेव्हा काही आठवड्यांचीच होती. रानात झुडपांआड हालचाल दिसली. मित्राला वाटले, सावज आहे. त्याने बार उडवला आणि गोळी क्रिस्तोफ यांना लागली.

क्रिस्तोफ नऊ दिवस जगले. ते नऊ दिवस दोघांनी दोन वेगळ्या रीतीने काढले. क्रिस्तोफ यांनी मित्राला त्याच क्षणी क्षमा केली. तो बिचारा पश्चात्तापाने वेडापिसा झाला होता. उलट तेच त्याचे सांत्वन करीत राहिले. आपल्या मृत्यूसाठी त्याच्यावर कुणी खटला भरू नये म्हणून त्यांनी आपली क्षमा चर्चच्या नोंदवहीत लिहून घ्यायला लावली, असे तिची चरित्रे सांगतात.

जेनला मात्र हे जमत नव्हते. ती वैद्यांना विनवीत होती. ती देवाशी जणू सौदा करीत होती: माझे सगळे घे, नातेवाईक घे, संपत्ती घे, पण हा एवढा माणूस मला ठेव. क्रिस्तोफ तिला देवाच्या इच्छेपुढे मान तुकवायला सांगत होते आणि ती मान तुकवायला तयार नव्हती. नवव्या दिवशी ते गेले. जेनने तेव्हा वयाची तिशीही गाठलेली नव्हती.

प्रिय वाचकहो, या ठिकाणी थोडे थांबू या. पुढे जी वेदीवर संत म्हणून गौरवली गेली, ती सुरुवातीला देवाची इच्छा स्वीकारू शकली नाही. आपल्यापैकी कुणी दवाखान्याच्या दारात उभे राहून देवाशी असाच सौदा केला असेल, आणि तो न जुळल्यामुळे आजही मनात राग धरला असेल. त्याने स्वतःला पापी समजू नये. जेनही त्या दारात उभी होती.

चार महिन्यांचा अंधार

पतीच्या निधनानंतर जवळजवळ चार महिने जेन दुःखात बुडून गेली होती. जेवणखाणाकडे लक्ष नव्हते, कामात मन नव्हते. एकांतात जाऊन ती रडत राही. शेवटी तिच्या वडिलांनी पत्र पाठवून तिला मुलांची आठवण करून दिली. त्यांचे वडील गेले होते, आता त्यांना आई तरी हवी होती. त्या पत्राने ती जागी झाली. दुःख गेले नाही, पण ती उठली आणि मुलांसाठी पुन्हा उभी राहिली. आपली भारी वस्त्रे तिने गरिबांना वाटली आणि पुन्हा विवाह न करण्याचे व्रत घेतले.

पण परीक्षा संपली नव्हती. तिचे वृद्ध सासरे मोंतलाँ येथे राहत. त्यांनी तिला मुलांसह आपल्याकडे येऊन राहण्यास बजावले. न आल्यास मुलांना वारशातून काढून टाकण्याची धमकी दिली. सासरे तापट होते. त्या घरात एका मोलकरणीची सत्ता चाले. घराच्या चाव्या तिच्याकडे, पैसा तिच्या हाती, आणि तिची स्वतःची मुलेही तिथेच वाढत होती. घरच्या सुनेला साधे काही हवे असले तरी तिच्याकडे मागावे लागे. जेनने तिथे सुमारे सात वर्षे काढली. तिने भांडण केले नाही. त्या मोलकरणीच्या मुलांनाही तिने आपल्या मुलांबरोबर शिकवले, त्यांची वेणीफणी केली. गावातल्या आजाऱ्यांच्या घरी जाऊन ती त्यांच्या जखमा धूत असे.

पती गेल्यावर सासरी काय सोसावे लागते, हे आपल्या कित्येक भगिनींना वेगळे सांगायला नको. घराची वाटणी, बँकेचे कागद, मुलांचा हक्क, या गोष्टी शोकाच्या काळातच पुढे येतात. त्या सात वर्षांत जेन सोसत होती, पण बरी झालेली नव्हती. तिच्या मनातली जखम आत भिजतच होती.

त्यात तिला भेटलेल्या एका धर्मगुरूने मार्गदर्शन करताना तिला आणखी बांधून टाकले. त्याने तिच्याकडून चार शपथा घेतल्या: माझीच आज्ञा पाळायची, मार्गदर्शक कधी बदलायचा नाही, मी सांगितलेले कुणाला सांगायचे नाही आणि आपल्या मनातले दुसऱ्या कुणापाशी बोलायचे नाही. शिवाय प्रार्थनांचे, उपवासांचे ओझे लादले. दुःखी मन आधीच कोंडलेले असते. त्याला बोलायचीही बंदी झाली, तर त्याने जावे कुठे?

दिजाँची प्रवचने

१६०४ सालच्या प्रायश्चित्तकाळात वडिलांनी जेनला दिजाँला बोलावून घेतले. जिनिव्हाचे बिशप फ्रान्सिस डी सेल्स तिथे प्रवचने देण्यासाठी आले होते. जिनिव्हा शहर तेव्हा कॅल्विनच्या अनुयायांच्या ताब्यात होते. त्यामुळे हे बिशप सावॉय प्रांतातील आन्सी या गावी राहत. वय अवघे छत्तीस. बोलणे अतिशय सौम्य.

जेनने त्यांना पाहिले आणि तिला वाटले, आपण ज्याची वाट पाहत होतो तो हाच मार्गदर्शक. पण शपथेमुळे तिला तोंड उघडता येईना. काही महिन्यांनी फ्रान्सिस यांनी तिची पापनिवेदने ऐकली आणि विचारपूर्वक निर्णय दिला की, त्या चार शपथांनी तिच्या जिवाची शांती हिरावून घेतली आहे आणि त्या तिच्यावर बंधनकारक नाहीत. एका जखमी मनाची कोंडलेली खोली त्या दिवशी उघडली.

फ्रान्सिस यांनी तिला ओझ्याने वाकवले नाही. घरची कामे टाकून प्रार्थना करू नकोस, मुलांकडे, सासऱ्यांकडे, वडिलांकडे लक्ष दे, सगळे प्रेमाने कर आणि काहीही जबरदस्तीने करू नकोस, असा त्यांच्या पत्रांचा रोख असे. घरातील नोकरमाणसे आपसात गंमतीने म्हणत की, आधीच्या गुरूंनी बाईसाहेबांना दिवसातून तीनदा प्रार्थनेला लावले आणि सारे घर कंटाळले; जिनिव्हाचे बिशप त्यांना दिवसभर प्रार्थना करायला लावतात आणि कुणाला त्रासच होत नाही!

क्षमेच्या तीन पायऱ्या

पण एक गाठ अजून सुटायची होती. ज्याच्या हातून क्रिस्तोफ यांना गोळी लागली होती, तो मनुष्य त्याच भागात होता. पतीने त्याला मरताना क्षमा केली होती. जेनला त्याचे तोंड पाहणेही शक्य होत नव्हते.

फ्रान्सिस यांनी तिला घाई केली नाही. त्याला भेटण्याची संधी तू मुद्दाम शोधू नकोस, पण तो आपण होऊन भेटायला आला तर तुझे मन सौम्य आणि दयाळू असू दे, असे त्यांनी तिला लिहिले. त्या वेळी तुझे अंतःकरण ढवळून निघेल, हेही त्यांनी मान्य केले.

जेनने एकेक पायरी चढायला घेतली. आधी रस्त्यात भेट झाली तर नमस्कार करायचा, एवढेच. त्यानंतर तिने त्याला आपल्या घरी येऊ दिले. तो समोर आला तेव्हा तिच्या काळजाचे पाणी पाणी झाले असेल, पण तिने त्याला बसवले आणि ती त्याच्याशी बोलली. शेवटी ती त्याच्या बाळाच्या स्नानसंस्काराला गॉडमदर म्हणून उभी राहिली. ज्या हाताने तिचे घर उद्ध्वस्त केले, त्या माणसाचे मूल तिने आपल्या हातात धरले.

यासाठी काही वर्षे लागली, हे आपण विसरता कामा नये. क्षमा करा, असे आपण प्रार्थनेत दररोज म्हणतो. परंतु दारू पिऊन गाडी चालवणारा चालक असो, वेळेवर लक्ष न देणारा डॉक्टर असो, किंवा भाऊबंद असो, प्रत्यक्ष माणूस समोर आला की पाय मागे येतो. जेनची कथा सांगते की पहिल्या दिवशी फक्त नमस्कार पुरतो. ती पायरी चढल्यावरच पुढची दिसते. आणि आपण ज्यांचे सांत्वन करायला जातो त्यांना तिसऱ्या पायरीवर ओढून नेण्याचा आपल्याला अधिकार नाही.

नवे जीवन

जेनचे मन आता प्रभूला पूर्णपणे वाहून घेण्याकडे वळले होते. मुले वाढत होती. थोरली मारी-एमे हिचा विवाह फ्रान्सिस यांच्या धाकट्या भावाशी झाला. धाकटी शार्लोत १६१० च्या सुरुवातीला लहान वयातच वारली. फ्रांस्वाजला सोबत नेण्याचे ठरले. मुलगा सेल्स-बेनिन्य याचे शिक्षण व देखभाल आजोबांनी पत्करली.

दिजाँ सोडण्याच्या दिवशी एक प्रसंग घडला, त्यावर आजही चर्चा होते. चौदा वर्षांचा सेल्स-बेनिन्य दाराच्या उंबऱ्यात आडवा पडला. जायचे असेल तर मला ओलांडून जा, असे त्याचे म्हणणे. जेन थबकली, तिचे डोळे भरून आले आणि ती रडत रडत त्याला ओलांडून गेली. आई असणाऱ्या कुणालाही हे वाचून सहज बरे वाटणार नाही, आम्हालाही वाटत नाही. आपण एवढेच म्हणू शकतो की तिने मुलांची सोय आधी लावली, पुढेही ती त्यांच्यासाठी वेळोवेळी प्रवास करीत राहिली, आणि त्या दिवशीचे तिचे अश्रू खरे होते.

६ जून १६१० रोजी, पवित्र त्रैक्याच्या रविवारी, आन्सी येथे जेन आणि तिच्या सोबतिणींनी एका नव्या संघाची सुरुवात केली. पवित्र मरियेने एलिझाबेथला दिलेल्या भेटीवरून त्याला ‘व्हिजिटेशन’ म्हणजे भेटीचा संघ असे नाव मिळाले. त्या काळी मठांत कडक तपश्चर्या असे. त्यामुळे प्रकृतीने अशक्त, वयस्क किंवा विधवा स्त्रियांना सहसा प्रवेश मिळत नसे. या संघाने त्यांच्यासाठी दार उघडले. सुरुवातीला या भगिनी आजाऱ्यांच्या घरी भेटी देत. पुढे लिओंच्या आर्चबिशपांच्या आग्रहावरून संघाला मठाच्या चार भिंतींत राहावे लागले. जेनने तेही स्वीकारले. दुःखी जिवाला आधार देणारे घर व्हावे, हा हेतू भिंतींच्या आतही टिकला.

पुन्हा पुन्हा मृत्यू

एकदा दुःख पचवले की देव पुन्हा देत नाही, असे आपल्याला वाटते. जेनच्या बाबतीत तसे झाले नाही. १६१७ साली जावई सैन्यात असताना आजाराने गेला. मारी-एमे तेव्हा गर्भवती होती. त्या धक्क्यानंतर काही महिन्यांतच बाळंतपणात बाळ गेले आणि तीही आईच्या सान्निध्यात वारली. ती जेमतेम एकोणीस वर्षांची होती. स्वतः तरुणपणी विधवा झालेल्या जेनला आपल्या लेकीचे वैधव्य आणि मरणही पाहावे लागले.

१६२२ च्या डिसेंबरमध्ये लिओं शहरी तिची व फ्रान्सिस यांची भेट झाली. तिला आपल्या मनातले खूप बोलायचे होते. त्यांनी आधी संघाच्या कामाचे बोलू, बाकीचे आन्सीला गेल्यावर बोलू, असे सांगितले. ते बोलणे राहूनच गेले. २८ डिसेंबर रोजी फ्रान्सिस यांचे निधन झाले. प्रवासात असलेल्या जेनला ही बातमी काही दिवसांनी पत्रातून कळली. ती खूप रडली. मग तिने त्यांची पत्रे व लेखन गोळा करण्याचे काम हाती घेतले. १६२७ साली रे बेटावरील लढाईत तिचा एकुलता मुलगा मारला गेला. त्याची मुलगी तेव्हा जेमतेम दीड वर्षाची होती. हीच नात पुढे मादाम द सेव्हिन्ये या नावाने फ्रेंच साहित्यात तिच्या पत्रांमुळे अजरामर झाली.

याच सुमारास त्या प्रदेशात प्लेगची साथ आली. आन्सी सोडून सुरक्षित जागी जाण्याची सोय असूनही जेन तिथेच राहिली. मठातील सारे साठे तिने आजाऱ्यांसाठी खुले केले.

यापेक्षाही कठीण असे एक दुःख तिच्या आत होते. कित्येक वर्षे तिला श्रद्धेविषयी शंका छळीत राहिल्या. प्रार्थनेत गोडवा वाटत नसे. तिला जवळून ओळखणारे संत व्हिन्सेंट डी पॉल यांनी सांगून ठेवले आहे की, आत इतका अंधार असतानाही तिच्या चेहऱ्यावरील प्रसन्नता कधी ढळली नाही आणि ती देवाशी एकनिष्ठ राहिली.

मग तिला आनंद मिळाला, असे आपण कसे म्हणतो? तिच्या मठातील भगिनींनी तो रोज पाहिला. तिच्या बोलण्यात कडवटपणा उरला नव्हता. ती कुणाचेही दुःख हलके मानत नसे. पतीच्या मृत्यूने ती एकदा स्वतःत बंद झाली होती. आता तिच्या दाराशी येणाऱ्या प्रत्येकाला तिच्यात जागा होती. हा आनंद हसण्याखिदळण्याचा नव्हता. प्रेम करायला आपण अजून समर्थ आहोत, हे कळल्याचा तो आनंद होता.

१३ डिसेंबर १६४१ रोजी, पॅरिसहून परतताना, मूलाँ येथील मठात तिने देह ठेवला. तेव्हा संघाची ऐंशीहून अधिक घरे झाली होती. तिचे शरीर आन्सी येथे आणून संत फ्रान्सिस यांच्याजवळ ठेवण्यात आले. १७६७ साली पोप तेरावे क्लेमेंट यांनी तिला संतपद बहाल केले.

आपले तिच्याशी नाते

ही संत आपल्याला परकी नाही. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आपण येशूच्या पवित्र हृदयाची भक्ती करतो. ही भक्ती जगभर पसरली ती पॅरे-ले-मोनियाल येथील संत मार्गारेट मेरी यांच्यामुळे, आणि त्या जेनच्याच संघातील भगिनी होत्या. तसेच १८३८ साली आन्सी येथे संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने मिशनरी संघ स्थापन झाला. त्या संघाचे धर्मगुरू पुढे भारतात आले आणि नागपूरच्या परिसरात त्यांनी सुवार्ता व शिक्षणाचे मोठे काम केले.

तेव्हा या आठवड्यात आपण एक छोटी गोष्ट करू या. गेल्या वर्षा-दोन वर्षांत ज्यांचा जोडीदार गेला, असे एक घर आपल्या आळीत नक्की असेल. महिन्याची मिस्सा होऊन गेली म्हणून आपण तिकडे जाणे सोडले असेल. त्या घरी जाऊ या. देवाची इच्छा, असे चटकन म्हणू नये. तिने काय नेसावे, कुठे जावे, यावर बोलू नये. पुरुष असेल तर त्याला रडू द्यावे, कारण पुरुषालाही रडू येते. गेलेल्या माणसाचे नाव घ्यावे, त्याची आठवण काढावी आणि ऐकत बसावे. मरियेने एलिझाबेथच्या घरी केले ते एवढेच. ती गेली आणि तिच्याजवळ राहिली.

आणि ज्या बंधू-भगिनी आज स्वतः या वाटेवर आहेत, त्यांना आम्ही नम्रपणे सांगतो: जेनलाही आधी चार महिने उठता आले नाही. क्षमेला वर्षे लागली. तुम्हालाही वेळ लागेल, तो घ्या. मन कोंडून ठेवू नका. फादरांपाशी, सिस्टरांपाशी, जिवाभावाच्या माणसापाशी बोला.

प्रार्थना करू या: हे प्रभो, लाजरच्या कबरीपाशी तू स्वतः रडलास. आमच्या धर्मग्रामातील प्रत्येक विधवेला आणि विधुराला तुझ्या हृदयाशी धर. संत जेन हिच्या मध्यस्थीने त्यांच्या जखमा भरून येवोत, त्यांच्या मुलांना आधार मिळो आणि त्यांच्या घरात पुन्हा एकदा आनंदाचा दिवा लागो. आमेन.